मुरूम, खडी आणि पाणी : भंडारदरा जलाशयाभोवतीची सायकलवाट

डांबरी रस्ता संपून मुरमाची, खडीची किंवा मातीची वाट सुरू होते तेथे वेगासाठी घडवलेली अरुंद टायरची सायकल अडखळते, आणि डोंगरउतारांसाठी घडवलेली जाड टायरची वजनदार सायकल त्या वाटेपर्यंत पोहोचतानाच स्वाराची बरीचशी शक्ती खर्च करून टाकते. या दोहोंमधली गरज भागवण्यासाठी गेल्या दोन दशकांत जी सायकल आकाराला आली, तिला ग्रॅव्हल सायकल असे म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे बारीक खडी. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील शेतांमधून मैलोन् मैल जाणाऱ्या खडीच्या रस्त्यांवर या प्रकाराचा उगम झाला, कॅन्सस राज्यातील एम्पोरिया गावी २००६ मध्ये सुरू झालेल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीने त्याला नाव मिळवून दिले, आणि २०२२ मध्ये इटलीत पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाल्यावर तो सायकलिंगचा स्वतंत्र प्रकार म्हणून सर्वमान्य झाला. या सायकलीला शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले हँडल असते, ३८ ते ५० मिलिमीटर रुंदीचा टायर बसेल इतकी जागा फ्रेममध्ये सोडलेली असते, ब्रेक रिमवर न लागता चाकाच्या मध्यावरील चकतीवर लागतात, आणि चढासाठी पुरेसे हलके गिअर दिलेले असतात.

नाव नवे असले तरी गरज नवी नाही, हे महाराष्ट्रातील वाचकाला सहज पटेल. दुधाच्या किटल्या लटकवून पाणंदीतून, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या सामाईक वाटेने, गावात येणारी काळी सायकल ही दीड इंच, म्हणजे सुमारे ३८ मिलिमीटर रुंदीच्या टायरवर चालत असे, आणि आजच्या ग्रॅव्हल सायकलीच्या टायरची किमान रुंदी नेमकी तेवढीच आहे. खराब वाटेवर रुंद टायर, कमी हवा आणि लांब बैठक लागते, हे ज्ञान खेड्यातील सायकलस्वाराजवळ फार पूर्वीपासून होते. त्याला हलके गिअर आणि ओल्यातही धरणारे ब्रेक तेवढे मिळाले नव्हते. म्हणून ज्याच्याकडे ग्रॅव्हल सायकल नाही, त्याने हा लेख बाजूला ठेवण्याचे कारण नाही. ३८ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायरची, गिअरची आणि सुस्थितीत ब्रेक असलेली कोणतीही सायकल पुढे वर्णिलेल्या वाटेवर चालते.

ग्रॅव्हल सायकलिंगची छायाचित्रे बहुधा आल्प्समधील सरोवरांच्या काठची असतात. हिमनद्यांनी कोरलेल्या खोलगट भागात साठलेल्या त्या सरोवरांची पाणीपातळी वर्षभर फारशी बदलत नाही, आणि म्हणून फ्रान्समधील आनसीसारख्या ठिकाणी सायकलमार्ग पाण्याला लगटून नेता येतो. सह्याद्रीत हिमनद्या नव्हत्या, त्यामुळे तशी नैसर्गिक सरोवरेही नाहीत. येथे डोंगरांच्या कुशीतले विस्तीर्ण पाणी पाहायचे तर ते धरणाचेच असते, आणि धरणाचे पाणी सिंचनासाठी साठवलेले असल्याने ते पावसाळ्यात काठोकाठ चढते व उन्हाळ्यात खोल उतरते. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील भंडारदरा जलाशयाभोवती फिरताना हा फरक सतत ध्यानात ठेवावा लागतो. वाटेची अवस्था, टायरमधील हवा, निघण्याची वेळ, कोठे थांबावे आणि कोठे उतरू नये, हे सारे अखेर त्या महिन्यात पाणी कोठे आहे यावर ठरते.

प्रवरा नदी रतनगडाच्या परिसरात उगम पावते आणि रतनवाडीजवळून वाहत येऊन या जलाशयात शिरते. शेंडी गावाजवळ तिच्यावर १९१० मध्ये दगडी धरणाचे काम सुरू झाले व १९२६ च्या डिसेंबरात त्याचे उद्घाटन झाले. इंग्रजी अमदानीत त्याला मुंबई प्रांताच्या तत्कालीन गव्हर्नरांच्या नावावरून विल्सन डॅम हे नाव मिळाले, आणि मागच्या पाण्याला आर्थर लेक म्हटले जाऊ लागले. धरणाची उंची सुमारे ८२ मीटर आणि साठवणक्षमता ११ टीएमसीच्या थोडी वर, म्हणजे ११ अब्ज घनफुटांहून अधिक आहे. उत्तरेस महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१६४६ मीटर), पश्चिमेस घाटघरचा कोकणकडा, नैर्ऋत्येस रतनगड, आणि या सर्वांच्या पायथ्याशी शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे आणि मुतखेल ही गावे माळेसारखी ओवणारा सुमारे ४० ते ४५ किलोमीटरचा वळसा, अशी या परिसराची रचना आहे. वळशाचा बराच भाग डांबरी असला तरी येथील पावसापुढे डांबर टिकत नाही, त्यामुळे दरवर्षी काही तुकडे उखडतात, काही नव्याने होतात, आणि मुख्य रस्त्यापासून वाड्यांकडे, म्हणजे मूळ गावापासून सुटून असलेल्या लहान वस्त्यांकडे जाणारे फाटे अद्यापही बरेचसे मुरमाचे आहेत.

या मुरमाविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण तो ओळखता आला की सायकल चालवण्यातील अर्ध्याहून अधिक अडचणी आपोआप सुटतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांपासून बनलेला काळा कातळ, ज्याला भूशास्त्रात बेसाल्ट म्हणतात, ऊनपावसाने झिजून त्याची जी भुसभुशीत, तांबूस-करडी, खड्यांची माती होते तो मुरूम होय. त्यात टोकदार बारीक खडे आणि चिकणमाती यांचे मिश्रण असते. खडे टायरला पकड देतात आणि चिकणमाती त्या खड्यांना एकमेकांशी बांधून ठेवते. हे बांधणे ओलाव्यावर अवलंबून असते. पाऊस थांबून दहा-पंधरा दिवस झाल्यावरचा, आत किंचित ओल धरलेला आणि वरून सुकलेला मुरूम हा सायकलीसाठी डांबराइतकाच विश्वासू पृष्ठभाग असतो, आणि पायांना तर तो त्याहून मऊ वाटतो. फेब्रुवारीनंतर ओल जाते, चिकणमातीची भुकटी होऊन फुफाटा उडू लागतो, आणि सुटे झालेले खडे वळणावर टायरखाली गोट्यांसारखे फिरू लागतात. पावसाळ्यात तीच चिकणमाती टायर आणि फ्रेम यांच्यामधील फटीत अशी भरते की चाक फिरेनासे होते.

गावाकडील रस्ता करताना आधी मोठे दगड, त्यावर खडी आणि त्यावर मुरूम पसरून रोलर फिरवतात. या प्रक्रियेला सरकारी भाषेत खडीकरण म्हणतात. पाऊस वरचा मुरूम धुऊन नेतो आणि मुठीएवढी खडी उघडी पडते. मुरूम आणि उघडी खडी लांबून सारखीच दिसत असली तरी त्यांवर चालवण्याची रीत वेगळी आहे, म्हणून स्वाराने नजर चाकापुढे न ठेवता आठ-दहा मीटर पुढे ठेवण्याची सवय लावावी. उघड्या खडीवर हँडल घट्ट आवळून धरल्यास प्रत्येक दगडाचा धक्का खांद्यापर्यंत येतो आणि पुढचे चाक दगडाच्या मर्जीने वळते. याउलट कोपरे सैल ठेवली, बैठकीवरून किंचित उठून भार पेडलवर घेतला आणि वेग एकसारखा ठेवला, तर सायकल स्वतःच आपली वाट काढते. जीप आणि बैलगाड्यांच्या चाकांनी दाबलेली चाकोरी सहसा सर्वांत पक्की असते, तर दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावर सुटी खडी गोळा होते. एका चाकोरीतून दुसरीत जायचे असेल तर तिरपे घसरत न जाता, वेग कमी करून, जागा निवडून आणि शक्य तितके काटकोनात ओलांडावे. वाहनांची वर्दळ असलेल्या मुरमावर पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या वळ्या पडतात. तेथे कडेची अरुंद पट्टी गुळगुळीत सापडते.

चढावर सुट्या मुरमात उभे राहून पेडल मारल्यास मागच्या चाकावरचा भार निघून जातो आणि चाक जागच्या जागी फिरते. म्हणून बसूनच, हलक्या गिअरमध्ये, पायांची गती एकसारखी ठेवून चढावे, आणि चाक घसरू लागल्यास सायकल ढकलत नेण्यात कोणताही कमीपणा मानू नये. उतारावर ब्रेक वळणाच्या आधी लावून वेग आटोक्यात आणावा व वळणात ब्रेक सोडून द्यावा, कारण सुट्या खडीवर वळत असताना पुढचा ब्रेक दाबणे हे या प्रकारातील बहुतेक पडण्यांचे कारण असते. दोन्ही ब्रेक एकाच वेळी, थोडे थोडे आणि पुन्हा पुन्हा वापरावेत. एकच ब्रेक सतत धरून ठेवल्यास लांब उतारावर चकती तापते आणि ब्रेकची पकड कमी होते.

ओला कातळ आणि फरशी पूल या दोन जागी कौशल्यापेक्षा माघारच उपयोगी पडते. ओढ्याच्या पात्रातच बांधलेला, पूर आल्यास पाणी वरून जाऊ देणारा ठेंगणा पूल म्हणजे फरशी पूल; त्यावरून घोट्याएवढे पाणी वाहत असले तरी खालचा शेवाळी थर चाक क्षणात निसटवू शकतो आणि डोंगराच्या माथ्यावर पडलेल्या पावसाने ते पाणी पाहता पाहता वाढते. पाण्याखालचा पृष्ठभाग दिसत नसेल तर पूल ओलांडू नये, मग पलीकडचे गाव कितीही जवळ असो.

वर्षाचा विचार केला तर या वाटेला एकच निर्विवाद चांगला काळ आहे आणि तो ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा. जलाशय भरलेला असतो, मुरूम बसलेला असतो, भाताची खाचरे आधी पिवळी पडतात आणि मग कापणीनंतर मोकळी होतात, हवा स्वच्छ असल्याने अलंग, मदन आणि कुलंग या किल्ल्यांच्या कातळभिंती स्पष्ट दिसतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटेची थंडी कडक असते, आणि उतारावर बोटे बधिर झाली तर ब्रेक नीट दाबता येत नाही, म्हणून पूर्ण बोटांचे हातमोजे ही तेव्हा चैनीची वस्तू राहत नाही. मार्चपासून फुफाटा आणि ऊन दोन्ही वाढतात. याच काळात शेतकरी भाताच्या रोपवाटिकेची जमीन पालापाचोळा, गोवऱ्या व फांद्या पसरून भाजतात, ज्याला राब भाजणे म्हणतात, आणि त्याचा धूर सकाळी दऱ्यांत साचून राहतो. जून ते सप्टेंबर या काळात घाटघर आणि रतनवाडी येथे जिल्ह्याच्या इतर भागांच्या कित्येक पट पाऊस कोसळतो, म्हणूनच घाटघरला जिल्ह्याची चेरापुंजी म्हटले जाते. धबधब्यांच्या ओढीने त्या दिवसांत हजारो मोटारी याच अरुंद रस्त्यावर येतात, धुक्यात दहा पावलांपलीकडचे दिसत नाही, दरडी सुटतात आणि गर्दी आवरण्यासाठी प्रशासनाला कधी एकेरी वाहतूक लागू करावी लागते. पावसाळ्यातील भंडारदरा अवश्य पाहावा, मात्र त्या दिवसांत सायकल घरी ठेवावी, असेच येथे सुचवावेसे वाटते.

एप्रिल-मे महिन्यांत पाणी उतरले की जलाशयाचा तळ दूरवर उघडा पडतो आणि पाण्यापर्यंत सायकल नेण्याचा मोह होतो. तो आवरावा, याची दोन कारणे आहेत. वरून वाळलेल्या आणि भेगाळलेल्या गाळाखाली ओला, खोल गाळ असू शकतो, ज्यात चाक आणि पाय दोन्ही रुततात. दुसरे असे की, ओसरणाऱ्या पाण्यामागे मोकळ्या होणाऱ्या ओलसर जमिनीवर पीक घेण्याची रीत महाराष्ट्रातील जलाशयांच्या काठी जुनी आहे. अशा जमिनीला गाळपेर म्हणतात. परक्या डोळ्यांना जो निर्मनुष्य किनारा वाटतो, ते एखाद्या कुटुंबाचे त्या हंगामाचे शेत असू शकते.

आता सायकलीच्या तयारीकडे वळता येईल. टायरमधील हवेचा दाब पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचावर पडणारा पौंडांचा भार, या एककात मोजतात. डांबरी रस्त्याची सवय असलेले स्वार टायर दगडासारखा टणक ठेवतात आणि मग मुरमावर तो उसळतो. साधारण ७० किलो वजनाच्या स्वाराला ४० मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरमध्ये ३० ते ३५ पीएसआय, आणि ट्यूब असलेल्या टायरमध्ये ४० ते ४५ पीएसआय दाब पुरतो. मागच्या चाकावर अधिक भार असल्याने तेथे दोन-तीन पीएसआय जास्त ठेवावा. ट्यूबलेस म्हणजे आत ट्यूब नसलेला, रिमवर घट्ट बसणारा आणि आत चिकट द्रव भरलेला टायर. काटा घुसताच तो द्रव छिद्रात जाऊन घट्ट होतो आणि हवा थांबवतो. जिल्ह्याच्या पूर्वेकडील बाभळी-बोरींच्या मुलखात हा उपाय जवळजवळ अनिवार्य आहे. जलाशयाच्या परिसरात बाभूळ तुलनेने विरळ असली तरी करवंदीच्या जाळ्या आणि शेतांभोवती रचलेली काटेरी फांद्यांची कुंपणे आहेत, आणि कापणीनंतर त्या फांद्या वाटेवर येऊन पडतात. ट्यूब असलेल्या सायकलीवर हवा फार कमी ठेवल्यास दगड आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटली जाऊन तिला सापाच्या दातांसारखी दोन जवळजवळची छिद्रे पडतात, म्हणून तेथे दाब जपूनच उतरवावा.

गिअरच्या बाबतीत एक साधी कसोटी पुरते. पुढच्या चेनव्हीलच्या सर्वांत लहान चक्राला जितके दात आहेत तितके, किंवा त्याहून अधिक, दात मागच्या सर्वांत मोठ्या चक्राला असावेत. मग पेडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक एक फेरा किंवा त्याहून कमी फिरते आणि उडदावण्यापुढील चढही बसून चढता येतात. ब्रेकच्या चकत्यांना लागणारे पॅड निघण्यापूर्वी तपासावेत, कारण ओल्या मुरमात ते सँडपेपरने घासल्यासारखे झिजतात.

प्रत्यक्ष मार्गाबाबत पहिला निर्णय दिशेचा असतो. शेंडीहून मुरशेत, पांजरे, उडदावणे मार्गे घाटघर, तेथून साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे आणि मुतखेल करून पुन्हा शेंडी, असा वळसा घेतल्यास पाणी डाव्या हाताला राहते. भारतात वाहने डाव्या बाजूने चालत असल्याने पाण्याकडे पाहण्यासाठी थांबताना रस्ता ओलांडावा लागत नाही, हा याचा फायदा. रस्त्याची खचलेली साइडपट्टी मात्र उताराच्या बाजूला येते, म्हणून समोरून मोटार आल्यास कडेला सरकत राहण्यापेक्षा वेळीच थांबावे. या दिशेचे खरे महत्त्व दुसरेच आहे. घाटघर ते रतनवाडी हा वस्ती विरळ आणि मोबाइलचे जाळे अनिश्चित असलेला भाग दिवसाच्या मध्यावर येतो आणि थकलेल्या शरीराने, कलत्या उन्हात तो पार करण्याची वेळ येत नाही. शिवाय सकाळी पश्चिमेकडे आणि दुपारनंतर पूर्वेकडे जात असल्याने ऊन सहसा पाठीवर असते, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी दुपारी कोकणातून कडा चढून येणारा वारा परतीच्या वाटेवर मागून साहाय्य करतो.

अशा वाटेवर सरासरी वेग ताशी १२ ते १५ किलोमीटर धरावा, म्हणजे केवळ चालवण्याचे पावणेतीन ते पावणेचार तास होतात, आणि थांबे धरून सहा-सात तास मोजावेत. हिवाळ्यात सात वाजता उजाडते आणि सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे सकाळी सातला निघून दहाच्या आत घाटघर आणि साडेबाराच्या आत रतनवाडी गाठणे हे सोयीचे वेळापत्रक आहे. अकरापर्यंत घाटघर आले नाही, तर पुढे न जाता आल्या वाटेने परतणे उचित, कारण तोवर वाटेचा स्वभाव कळलेला असतो आणि परत फिरताना अनपेक्षित काही उरत नाही.

घाटघरच्या कोकणकड्याशी पठार एकाएकी संपते आणि खाली ठाणे जिल्ह्याचा शहापूर तालुका दिसू लागतो. येथेच घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. विजेची मागणी कमी असताना खालच्या धरणातील पाणी पंपांनी वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज निर्माण करायची, या तत्त्वावर तो चालतो आणि त्याची क्षमता २५० मेगावॅट आहे. डोंगराच्या माथ्यावरचा हा एवढासा जलाशय कशासाठी, असा प्रश्न पडलेल्या स्वाराने येथे दहा मिनिटे थांबून उंचीतील तो फरक डोळ्यांनी मोजावा. पाणी चढवणे आणि सायकल चढवणे यांतील श्रमाचे नाते त्याला निराळे समजवावे लागणार नाही. कड्याजवळचा वारा आडवा आणि झोताझोताने येतो, म्हणून कठड्याच्या बाहेर सायकल नेऊ नये, आणि कड्याच्या दिशेने जाताना शेवटचा टप्पा पायीच जावा.

साम्रद हे सांदण दरीसाठी प्रसिद्ध आहे. दोन कातळभिंतींमधली ही अरुंद घळ सायकलीची जागा नव्हे, आणि तिच्यात उतरण्याचा बेत त्याच दिवशी आखल्यास दोन्ही गोष्टी अर्धवट राहतात. साम्रद ते रतनवाडी हा तुकडा मात्र वळशातील सर्वांत शांत आणि झाडीचा आहे. हिरडा, बेहडा, ऐन, जांभूळ यांच्या सावलीतून रस्ता उतरतो, रतनगडाचे नेढे, म्हणजे कड्याला आरपार पडलेले भोक, मध्येच दिसते आणि लपते, आणि गळून पडलेल्या पानांच्या थराखाली खडी दडलेली असल्याने उतारावरचा वेग मुद्दाम कमी ठेवावा लागतो. रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर, त्याची कोरीव भिंत आणि शेजारची पुष्करणी, म्हणजे पायऱ्या व देवकोष्ठे असलेले चौकोनी कुंड, यांसाठी किमान पाऊण तास राखून ठेवावा. येथून पुढे रस्ता जलाशयाच्या प्रत्येक खाडीसारख्या फाट्याला वळसा घालत जातो. पलीकडचा काठ हाकेच्या अंतरावर भासतो आणि तरी तेथे पोहोचायला दोन किलोमीटर लागतात. हे आधीच ठाऊक असले म्हणजे शेवटच्या टप्प्यात मन खचत नाही.

या वाटेला शांत म्हणताना तिच्यावर कोणी राहत नाही असे समजू नये. महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या या गावांतील लोक याच रस्त्याने जनावरे चरायला नेतात, भाताचे भारे डोक्यावरून आणतात, मुले शाळेत जातात. वळणावर घंटा वाजवावी, जनावरांचा कळप दिसताच पेडल थांबवून हळू व्हावे आणि गुराख्याला ‘मामा, कोणत्या बाजूनं जाऊ?’ असे विचारावे, कारण कोणते जनावर बुजणारे आहे हे त्यालाच माहीत असते. शेतावरची कुत्री अंगावर आली तर वेग वाढवून पळण्याने ती अधिक चेकाळतात. उतरून सायकल मध्ये धरून चालत गेल्यास बहुधा ती मागे फिरतात. भातखाचरांचे बांध मोकळी आणि सपाट वाट असल्यासारखे दिसतात, परंतु त्या मातीच्या अरुंद बांधांनीच खाचरातले पाणी अडवलेले असते आणि ओल्या बांधावर टायरची एक खोल रेघ उमटली तरी पाणी तेथून फुटते. बांधावर सायकल कधीही नेऊ नये.

परिसराचा मोठा भाग १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, ज्याचे क्षेत्र सुमारे ३६२ चौरस किलोमीटर आहे. तपासणी नाक्यावर नोंद आणि शुल्क देऊनच पुढे जावे, मळलेली वाट सोडून रानात सायकल घालू नये, आणि नव्या वाटा पाडू नयेत; उतारावर टायरने पाडलेली एक रेघ पहिल्याच पावसात ओहोळ बनते आणि माती वाहून नेते. बिबट्याचा वावर येथे आहे, म्हणून सूर्यास्तापूर्वी वस्तीवर पोहोचलेले असावे. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत या झाडांवर काजव्यांचे थवे लुकलुकतात तेव्हा रात्री सायकल फिरवण्याची कल्पना मोहक वाटते, तथापि काजव्यांचे लुकलुकणे हा जोडीदार शोधण्याचा संकेत असतो आणि तीव्र दिव्यांच्या झोतात तो हरवतो. काजवे पाहायचे तर एका जागी, दिवा विझवून आणि वनविभागाने घातलेल्या मर्यादेत पाहावेत. वनासंबंधी काही अडचण उद्भवल्यास १९२६ हा वनविभागाचा मदत क्रमांक आहे, आणि तो धरणाच्या उद्घाटनाचे सालही असल्याने येथे सहज स्मरणात राहतो. अपघातासाठी १०८ व ११२ हे क्रमांक आहेत आणि जवळचे ग्रामीण रुग्णालय राजूरला आहे.

सोबतच्या वस्तूंत दोन ट्यूब, टायर काढण्याच्या पट्ट्या, छोटा पंप, ॲलन कीचा संच, तुटलेली चेन जोडणारी सुटी कडी आणि एक जोडी ब्रेक पॅड असावेत. एक लहानशी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: या सायकलींच्या ट्यूबला बहुधा प्रेस्टा नावाचा बारीक वॉल्व्ह असतो आणि गावातील पंप त्याला बसत नाही, म्हणून त्यावर चढवायची पितळी टोपी खिशात ठेवावी. चेन किंवा टायरवर इलाजच चालला नाही, तर दूध किंवा माल नेणारे पिकअप वाहन गाठणे हाच मार्ग उरतो. त्यासाठी सुटे पैसे असावेत.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर लागते, आणि घाम अधिक येत असल्यास त्यात मीठ-साखर किंवा ओआरएस मिसळावे. सर्वाधिक पाऊस झेलणाऱ्या या गावांना उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी जपून वापरावे लागते, कारण घट्ट कातळात ते फारसे मुरत नाही व उतारावरून निघून जाते. म्हणून हातपंपावर बाटल्या भराव्यात, सायकल धुऊ नये. रतनवाडी आणि साम्रद येथे घरगुती जेवणाची सोय होते, पण तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, पिठले आणि ठेचा चुलीवर शिजायला वेळ लागतो, त्यामुळे आदल्या दिवशी सांगून ठेवणे दोघांच्याही सोयीचे ठरते. राजूरला पेढे मिळतात, आणि चढावर लागणारी साखर म्हणून ते कोणत्याही आयात केलेल्या गोड वडीपेक्षा कमी पडत नाहीत.

नगरहून येणारा स्वार संगमनेर, अकोले, राजूर या मार्गाने, आणि मुंबई-नाशिककडचा घोटी व बारी मार्गे शेंडीला पोहोचतो. ज्याने मुरमावर सायकल कधीच चालवलेली नाही, त्याने मात्र थेट येथे येऊ नये. गावाजवळची पाणंद हे उत्तम शिक्षण आहे: तेथे अर्धा तास चाकोरी बदलण्याचा, अर्धा तास सुट्या खडीवर ब्रेक लावण्याचा आणि पुढचे दोन तास काहीही न करता नुसते चालत राहण्याचा सराव, असे चार-पाच रविवार गेले की हातांची मूठ आपोआप सैल होते. नगर शहरातील स्वाराला चांदबीबी महालाचा डोंगर चढाच्या सरावाला पुरेसा आहे.

घरी परतल्यावर सायकल तशीच भिंतीला टेकवून ठेवू नये. चेनवरच्या तेलात अडकलेला बारीक मुरूम दातांना कानशीसारखा घासतो, म्हणून ती आधी कोरड्या फडक्याने पुसावी, मग धुवावी आणि पूर्ण वाळल्यावरच तेल द्यावे. सर्वांत शेवटी टायर हाताने सावकाश फिरवत त्यात रुतलेले काटे आणि खडे शोधावेत. करवंदीचा काटा कित्येकदा टोकाने आत तसाच राहतो आणि पंक्चर पुढच्या रविवारी, निघण्याच्या घटकेला होते.